गाण्याला जागा लागते
(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिबिराच्या पोरांनी मला विषय दिला, 'लहान जागेतलं लाइव्ह गाणं'. एकानं तर 'गिग' असा शब्द वापरला. मी म्हटलं, बाबा, आमच्यात त्याला प्रोग्राम म्हणतात. डिलाइल रोडला गायनाचा प्रोग्राम आहे म्हटलं की दादर-नायगावची पोरं चालत यायची. मी गायक नाही. पेटीवर कधी बोट ठेवलेलं नाही. मी नुसता ऐकणारा. बीडीडी चाळीत वाढलो, आणि सतरंजीवर, सतरंजी भरली तर जमिनीवर, जमीन भरली तर पाण्याच्या टाकीवर बसून ऐकत आलो. आपल्याकडं गायकाचे सत्कार होतात, कवीचे होतात. ऐकणाऱ्याला कुत्रं विचारत नाही. पण ऐकणारा नसेल तर आपलं गाणं उभंच राहात नाही. आणि ऐकणाऱ्याला बसायला जागा लागते. ती जागा आपल्या बुडाखालून चाललीय, हे सांगायला मी आलोय.

आधी जागा म्हणजे काय ते बघा. बीडीडीच्या मुंबईत २०७ चाळी. वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाइल रोडला ३२, शिवडीला १२. १९२० च्या दशकात इंग्रज सरकारनं बांधल्या. चार मजले, मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. गिरगावातल्या चाळींसारख्या बाहेरून गॅलऱ्या नाहीत. मधून अंधारा पॅसेज, दोन्ही बाजूंना दारं. अशा खोलीत गाणं ठेवणार कुठं? तिथं माणूसच मावत नव्हता. म्हणून गाणं खाली आलं, दोन चाळींच्या मधल्या पट्ट्यात. चार बाकडी जोडली, वर जाजम टाकलं, झालं स्टेज. म्हाताऱ्या वरच्या खिडक्यांत. बायका पुढं, पोरं त्यांच्या मांडीवर झोपलेली. गायक आणि पहिली रांग यांच्यात एका हाताचं अंतर. पेटीवाल्याच्या कपाळावरचा घाम दिसायचा. बेंजोवाल्याची तार तुटली तर सगळ्यांना कळायचं, आणि तो दुसरी चढवेपर्यंत ढोलकीवाला एकटा बाजू सांभाळायचा. त्यातसुद्धा टाळ्या पडायच्या.

प्रोग्राम कसा रंगतो हे नव्या पोरांना ठाऊक नाही, म्हणून जरा सविस्तर बोलतो. पहिला तास गायक गातच नसतो म्हणा ना. वंदना होते, कमिटीची नावं होतात, एकशे एक रुपयांची बक्षिसं माइकवरून पुकारली जातात. तेवढ्यात तो माणसं वाचत असतो. इथं गिरणीवाले किती, नगरपालिकेचे झाडूवाले किती, कॉलेजची पोरं किती. मग चिठ्ठ्या यायला लागतात. अकरानंतर जे होतं तो खरा प्रोग्राम. तो चाळीचं नाव गाण्यात गुंफतो, समोरच्या म्हाताऱ्याला अंतऱ्यात ओढतो. आणि दोन पार्ट्यांचा सामना असेल तर विचारू नका! एक पार्टी गाण्यातून सवाल टाकते, दुसरीनं तिथंच जवाब बांधायचा. जवाब बांधायला मुदत किती? समोरच्याचा कोरस संपेपर्यंत.

एकदा एक तरुण गायक महाडच्या सत्याग्रहावर गात होता. तालाच्या सोयीसाठी त्यानं साल ठोकून दिलं तीस. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून एक म्हातारी ओरडली, "सत्तावीस! तीसला काळाराम!" सगळा चौक हसला. गायकानं कानाला हात लावला, आणि पुढच्या फेऱ्यात सत्तावीस बसवून, काळारामचा तीसचा सत्याग्रह जोडून नवा अंतरा रचला. म्हातारीला सही करता येत नव्हती. मित्रांनो, याला म्हणतात ऐकणं. रेडिओला तुम्ही 'सत्तावीस' असं ओरडून सांगा बरं. मोबाइलला सांगा.

आमचे वडील गिरणीत रिंग खात्यात. विणाई खात्यात आपल्या माणसाला घेत नसत, कारण तुटलेला धागा थुंकी लावून जोडायचा असतो. आपली थुंकी लागली की धागा बाटणार. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघड्यावर मांडला. तर ज्या तोंडाची थुंकी गिरणीच्या धाग्याला चालत नव्हती, त्याच तोंडानं ही माणसं रात्री चौकात गात होती. वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. शिवडीच्या बीडीडीत राहिले आणि मोठेपणी अक्षरं गिरवली. त्यांच्या आधी १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांच्या जलशानं तमाशाचा साचा घेतला, त्यातली गवळण काढून टाकली आणि वाड्या-वस्त्यांवर चळवळ नेली. थिएटर कुणी दिलं होतं? देवळाच्या सभामंडपात कुणी घेतलं असतं? अभिजनांच्या मैफलीला लोड-तक्के होते. आपल्या गाण्याला महारवाड्यातलं अंगण होतं. त्या अंगणाचं नाव संगीताच्या इतिहासात नाही. घराण्यांची नावं आहेत.

आता थोडं लांब जातो. १९७२ साली दलित पँथर निघाली ती ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. नाव घेतलं तर त्या लोकांच्या गाण्याच्या जागांकडंही बघा. न्यूयॉर्कमध्ये हार्लेम ही काळ्यांची वस्ती. १९२० च्या दशकात तिथं कॉटन क्लब होता. गाणारे काळे, नाचणारे काळे, ऐकायला बसणारे गोरे. ड्यूक एलिंग्टनसारखा माणूस तिथं वाजवत होता, आणि त्याच गल्लीतला काळा माणूस तिकीट काढून आत बसू शकत नव्हता. म्हणजे कला तुमची, वस्ती तुमची, खुर्ची आमची. ओळखीचं वाटतं की नाही?

त्याच हार्लेममध्ये ११८ व्या रस्त्यावर १९३८ साली हेन्री मिंटन नावाच्या काळ्या माणसानं छोटी जागा काढली, मिंटन्स प्लेहाऊस. हा मिंटन वाजवणाऱ्यांच्या युनियनचा माणूस. सोमवारी रात्री तिथं कलावंतांना जेवण मिळायचं, मग ते आपसात वाजवत बसायचे. थेलोनियस मंक, केनी क्लार्क, डिझी गिलेस्पी, चार्ली पार्कर. ज्याला आज बीबॉप म्हणतात ते त्या खोलीत घडलं. गंमत बघा, १९४२ ते १९४४ युनियनचा रेकॉर्डिंगवर बहिष्कार होता. म्हणून त्या घडणीची तबकडी जवळजवळ नाहीच. जे हजर होते त्यांनी ऐकलं. बाकीच्या जगाला नंतर तयार माल मिळाला.

आणि पोलीस? पोलीस आलेच. १९४० ते १९६७ न्यूयॉर्कच्या क्लबात गायचं-वाजवायचं तर पोलिसांचं कार्ड लागायचं. बिली हॉलिडेला १९४७ साली शिक्षा झाली आणि कार्ड गेलं. १९४८ साली ती कार्नेगी हॉलमध्ये गायली, हॉल गच्च भरला. पण गल्लीतल्या क्लबात गायला बंदी! मंकचं कार्ड १९५१ ला गेलं, १९५७ ला परत मिळालं. सहा वर्षं हा माणूस आपल्याच शहराच्या क्लबात वाजवू शकला नाही. मोठा हॉल चालतो, लहान खोली चालत नाही, असं का? माझं मत असं की सत्तेला गाण्याची भीती नसते, हाताच्या अंतराची असते.

आता आपल्याकडं या. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. २०१० साली दुरुस्ती होऊन त्यात वाद्यंही घातली. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. मी नियमाच्या विरोधात नाही. म्हातारी माणसं आहेत, परीक्षेची पोरं आहेत, दवाखाने आहेत. पण नियम नीट वाचा. बंदिस्त जागेला सूट आहे. सभागृह, कम्युनिटी हॉल, बँक्वेट हॉल. म्हणजे ज्याच्याकडं चार भिंती आहेत त्यानं रात्री गावं. ज्याच्याकडं आभाळ आहे त्यानं दहाला गुंडाळावं. मघाशी म्हटलं ना, खरा प्रोग्राम अकरानंतर असतो? तो अकरानंतरचा प्रोग्राम कायद्यानं कापून टाकला. कुणी मुद्दाम कापला असं मी म्हणत नाही. कापणाऱ्याच्या डोळ्यापुढं आपण नव्हतो एवढंच.

या चार भिंतींच्या आत काय चालतं तेही मी बघून आलोय. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मेल्या, आणि लोअर परळच्या आवारांत पब आले, क्लब आले. माझा पुतण्या रॅप करणारा. त्याच्या दोस्ताचा प्रोग्राम होता म्हणून मला घेऊन गेला. दारावरचा माणूस आधी माझ्या पायाकडं बघतो. चप्पल चालत नाही म्हणाला. ज्या आवारात माझा बाप तीस वर्षं अनवाणी रिंगवर उभा राहिला तिथं! पुतण्यानं कुणाचे तरी बूट आणले, दोन नंबर मोठे. ते घालून मी आत गेलो.

आत काय? खरं सांगतो, पोरं जबरदस्त होती. मराठी, हिंदी, शिव्या, गल्लीचं नाव, बापाचं नाव, सगळं बीटवर. गाणारा हाताच्या अंतरावर. मला एकदम आमचा चौक आठवला. आणि आपल्या कमिट्यांना टोचेल तरी बोलतो, प्रोग्राम सांगितल्या वेळेला सुरू झाला, साउंडवाला शुद्धीवर होता, पोराला पैसे त्याच रात्री मिळाले. पण समोरची अर्धी माणसं आपसात बोलत होती. आमच्या चौकात गाणं चालू असताना कुणी बडबडला असता तर मागून टपली बसली असती. तिथं टपली मारणारं कुणी नव्हतं. पैसे देऊन आलेल्या माणसाला वाटतं, न ऐकण्याचेही पैसे दिलेत.

भिंती म्हणजे सुरक्षितता, असंही समजू नका. २९ डिसेंबर २०१७ ला कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या पबांना आग लागली, १४ माणसं गेली. आपल्या ढोलकीला परवानगी मागताना अर्जाच्या चार प्रती लागतात. तिथल्या प्रती कुणी तपासल्या होत्या?

आता घरातलं भांडण. आपल्या चौकातलं गाणं फक्त कायद्यानं मारलं नाही, आपणही मारलं. जयंतीला वर्गणी जमते, आणि कमिटी डीजे आणते. स्पीकरची भिंत, छाती हादरते, पोरं नाचतात. नाचू द्या, नाचायला माझी हरकत नाही. पण गायनपार्टीला मानधन द्यायची वेळ आली की हेच लोक घासाघीस करतात. पेटीवाला, बेंजोवाला, ढोलकीवाला, कोरसची चार माणसं, टेम्पोचं भाडं. एवढ्यात काय उरतं त्या गायकाला? डीजेवाल्याला मात्र आगाऊ रोख. डीजे काय वाजवतो? मेलेल्या नाहीतर दुसरीकडं जिवंत असलेल्या गायकाचं गाणं. तो गायक इथं आला असता तर चुकलेलं साल दुरुस्त झालं असतं.

कुणी म्हणेल, काका, मोबाइलनं चांगलंही केलं. केलं. कडूबाई खरात एकतारीवर दारोदार गात होत्या, व्हिडिओमुळं त्या घराघरांत पोचल्या. हे कुठल्या कमिटीनं केलं नाही, फोननं केलं. आणि विलास घोगरेंचा आवाज आज ऐकायला मिळतो, कारण आनंद पटवर्धन कॅमेरा घेऊन त्या वस्तीत बसले. ११ जुलै १९९७ ला रमाबाई नगरात गोळीबार झाला, दहा माणसं मेली, चार दिवसांनी घोगरेंनी गळफास घेतला. २०११ च्या 'जय भीम कॉम्रेड'मध्ये ते आहेत. रेकॉर्डिंगला मी शिव्या देत नाही. पण कॅमेऱ्यालासुद्धा आधी त्या खोलीत जावं लागलं ना?

मद्रासकडं बघा. जानेवारी २०१८ मध्ये पा. रंजितनं पुढाकार घेऊन 'कास्टलेस कलेक्टिव्ह' चेन्नईत स्टेजवर उभं केलं. मरणाच्या दारात वाजणारी पराई आणि झोपडपट्टीतला गाना, इलेक्ट्रिक गिटारशेजारी. तो गाना कुठं वाढला? उत्तर मद्रासच्या अंत्यविधीच्या मांडवात. स्टेज नंतर आलं.

मग करायचं काय? डिलाइल रोड, नायगाव, वरळीला आता टॉवर उभे राहताहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या. १६० फुटांतून ५०० फुटांत. चांगलं झालं. आमच्या आयांनी पॅसेजमधल्या संडासाच्या रांगेत जन्म काढला, चाळ पडली म्हणून मी गळा काढणार नाही. पण दोन चाळींच्या मधला तो पट्टा आराखड्यात नाही. त्याची किल्ली कुणाला मिळत नाही. तेव्हा ज्या टॉवरमध्ये हॉल असेल, त्या हॉलवर आताच हक्क सांगा. लग्नाला भाड्यानं द्यायचा ठराव सोसायटीत होण्याआधी सांगा. जिथं समाजमंदिर आहे, विहाराला हॉल आहे, तिथं महिन्यातून एक रात्र गाण्याची ठेवा. नियमात बंदिस्त जागेला सूट आहे, ती आपणही घेऊ. दारं-खिडक्या लावा, आवाज बाहेर जाऊ देऊ नका, शेजाऱ्याला आधी सांगा. साठ-सत्तर माणसं पुरेत. माइक एक. गायकाचं पाकीट प्रोग्रामच्या आधी भरा. एक जुनी पार्टी आणि एक रॅपवालं पोरगं, दोघांचा सामना लावा. जुन्याला नव्याचा राग येतो का ते बघू. मला वाटतं येणार नाही, सवाल-जवाब दोघांनाही येतो. बायका पुढं बसतील. आणि पोरांनो, फोन खिशात ठेवा, निदान पहिला तासभर.

परवानगीच्या अर्जाचा नमुना मी बरोबर आणलाय. पोलीस स्टेशनात कुठल्या टेबलाला द्यायचा, पोच कशी घ्यायची, तेही लिहिलंय. ज्याला पाहिजे त्यानं जेवणाच्या सुट्टीत भेटा. झेरॉक्स दहाच आहेत.