पैसे कुणाकडून, कुणाकडे?

आम्ही औंधहून, बचत गटांचं काम बघणाऱ्या ताया बोलतोय. आज विषय जरा वेगळा आहे. पापड, शेळ्या, कर्जाचे हप्ते यांवर आपण नेहमी बोलतो. आज इंग्रजीवर बोलू. रेडिओ बंद करू नका. हे इंग्रजी शाळेतलं नाही, तुमच्या फोनवर रोज येणारं आहे.

आमच्या गटातली एक ताई शेंगदाण्याची चटणी करून विकते. तिला एक फोन आला. "पाच किलो चटणी पाहिजे, पैसे आधीच पाठवतो. मोबाइलवर आलेलं दाबा आणि पैसे घ्यायला पिन टाका." तिने पिन टाकला. लगेच मेसेज आला. त्यात दोन हजारांचा आकडा होता आणि 'क्रेडिटेड' हा शब्द होता. ताईला आनंद झाला. रात्री जागून तिने पाच किलो चटणी कुटली, पिशव्या भरल्या आणि सकाळी एसटी स्टँडवर जाऊन बसली. दोन तास बसली. माणूस आला नाही. दुपारी बँकेत गेल्यावर कळलं, दोन हजार आले नव्हते, गेले होते.

बैठकीत तिने मेसेज दाखवला आणि म्हणाली, "ताई, क्रेडिट म्हणजे जमा, हे तुम्हीच शिकवलं होतं ना?"

आम्ही गप्प झालो. कारण शिकवलं होतं आम्हीच. फळ्यावर दोन शब्द लिहून दिले होते, क्रेडिट म्हणजे जमा, डेबिट म्हणजे खर्च. ते खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. मेसेजात लिहिलं होतं, 'डेबिटेड फ्रॉम युवर अकाउंट अँड क्रेडिटेड टू' आणि पुढे एका परक्या माणसाचं नाव. म्हणजे तुमच्या खात्यातून वजा आणि त्याच्या खात्यात जमा. जमा झालं हे खरंच, पण कुणाकडे? ते सांगणारा 'टू' हा एवढासा शब्द आम्ही शिकवलाच नव्हता.

आता आपली मराठी कशी चालते बघा. 'आईने मुलीला पैसे दिले.' हेच 'मुलीला पैसे आईने दिले' असं म्हणा, नाहीतर 'पैसे दिले आईने मुलीला' असं म्हणा. देणारी आईच आणि घेणारी मुलगीच. कारण 'ने' आणि 'ला' त्या त्या नावाला चिकटलेले आहेत. शाळेत आपण घोकलं होतं ना, द्वितीया स ला ते, तृतीया ने ए शी, पंचमी ऊन हून? तेच हे प्रत्यय. शब्द कुठेही ठेवा, प्रत्यय त्याची ओळख सोडत नाही.

इंग्रजीत नावाला असा प्रत्यय लागत नाही. तिथे एक तर जागा बोलते, नाहीतर नावाच्या आधी येणारा छोटा शब्द बोलतो. 'द मदर गेव्ह द डॉटर मनी' म्हणजे आईने मुलीला पैसे दिले. यात आई आणि मुलगी यांची जागा बदलली, की देणारी मुलगी होते. पैसे आधी म्हणायचे असले, तर 'टू' लागतो: 'द मदर गेव्ह मनी टू द डॉटर.' फ्रॉम म्हणजे बहुतेक वेळा आपली पंचमी, ऊन-हून, किंवा आपलं 'कडून'. टू म्हणजे 'ला' किंवा 'कडे'. आपल्याकडे हे नावाच्या मागे येतं, तिथे पुढे. एवढं ध्यानात ठेवलं तरी निम्मं काम होतं.

उरलेलं निम्मं क्रियापदाच्या हातात आहे. प्रत्येक क्रियापद काहीतरी मागतं. 'बाळ झोपलं' म्हटलं, की पुढे काही विचारावं लागत नाही. पण 'दिलं' म्हटलं, की आपण विचारतोच: काय दिलं, कुणाला दिलं? इंग्रजीतही तसंच आहे, पण मागणी थोडी निराळी असते. आपण नुसतं 'पिशवी ठेव' म्हणतो आणि ते पुरतं. इंग्रजीत 'पुट द बॅग' म्हटलं तर वाक्य लोंबकळतं. कुठे ठेवायची ते सांगावंच लागतं: 'पुट द बॅग ऑन द टेबल.'

मराठीतला 'ला' बघून इंग्रजीत दरवेळी 'टू' लावायला गेलात, तर फसाल. 'तिला विचार' याला 'आस्क हर', मध्ये टू नाही. 'साताऱ्याला पोचलो' याला 'रीच्ड सातारा', इथेही टू नाही. पण 'गाणं ऐक' यात आपल्याकडे काहीच प्रत्यय नाही, तरी इंग्रजीत 'लिसन टू द साँग' म्हणावं लागतं. 'बसची वाट बघ' म्हणजे 'वेट फॉर द बस.' एकट्या 'लुक'चे प्रकार बघा. लुक ॲट म्हणजे एखाद्या गोष्टीकडे बघणं, लुक फॉर म्हणजे ती शोधणं आणि लुक आफ्टर म्हणजे सांभाळणं. मुलाकडे नुसतं बघणं, मूल शोधणं आणि मूल सांभाळणं यांत केवढा फरक आहे, ते आपल्याला कुणी सांगायला नको.

आता आपल्या गटाचंच उदाहरण. गटाने सभासदाला कर्ज दिलं, म्हणजे 'द ग्रुप लेंट मनी टू द मेंबर.' तोच व्यवहार सभासदाच्या बाजूने सांगायचा, तर 'द मेंबर बॉरोड मनी फ्रॉम द ग्रुप.' पैसे तेच, पण क्रियापद बदललं की छोटा शब्दही बदलला. म्हणून आम्ही आता फळ्यावर सुटा शब्द लिहीतच नाही. 'लेंड टू', 'बॉरो फ्रॉम', 'पे टू', 'वेट फॉर' अशी जोडीच लिहितो. वहीत जोडी लिहायची, खाली एक वाक्य लिहायचं आणि ते वाक्य आपल्या घरातलं किंवा गटातलं असलं पाहिजे.

पैशाचा मेसेज आला, की आमच्या बायका आता तीन गोष्टी बघतात. पहिली, 'फ्रॉम'च्या पुढे कुणाचं खातं आहे. दुसरी, 'टू'च्या पुढे कुणाचं नाव आहे. तिसरी, खात्याचे शेवटचे आकडे आपले आहेत का. काही मेसेजांत 'डेबिटेड बाय' असं येतं आणि पुढे रक्कम असते. तिथे 'बाय' म्हणजे कुणी नव्हे, तर कितीने. खातं तेवढ्या रुपयांनी कमी झालं, असा अर्थ.

आणि हे तर भिंतीवर लिहून ठेवा: यूपीआयचा पिन पैसे पाठवायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही. 'पैसे घ्यायला पिन टाका' असं कुणी म्हणालं, की फोन ठेवून द्या. फसलात तर लाजून घरात बसू नका. लगेच १९३० या नंबरवर फोन करा आणि आपल्या बँकेलाही कळवा. जितकं लवकर कळवाल, तितकी पैसे अडवण्याची आशा जास्त. आमच्या ताईने दोन दिवस नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. तिचे दोन हजार अजून आलेले नाहीत. चटणी मात्र आम्ही सगळ्यांनी मिळून विकली.

मैत्रिणींनो, १९३९ साली आपल्या औंध संस्थानात राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी राज्यघटना करून कारभार लोकांच्या हाती दिला. आज पासबुक आपल्या नावाचं आहे आणि फोनही आपल्या हातात आहे. पण मेसेज दुसऱ्याकडून वाचून घेत असलो, तर कारभार अजून दुसऱ्याचाच आहे.

परवाच्या बैठकीत एका काकूंचा मेसेज त्याच ताईने वाचला. फ्रॉमवर बोट ठेवलं, टूवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "काकू, हे आलेत. तुमच्याच खात्यात." मग आमच्याकडे बघून म्हणाली, "बरोबर ना ताई? नीट बघा बरं का या वेळी." आम्ही नीट बघितलं. बरोबर होतं.

तुमच्या फोनमधला शेवटचा मेसेज आज उघडा आणि फ्रॉम, टू शोधा. पुढच्या बैठकीत तो सगळ्यांना वाचून दाखवा.