कामावर परत बोलावताना बाईला विचारलं का?

(गोंदिया जिल्ह्यातील कष्टकरी बायांच्या एका मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



साथीच्या काळातले कामगार बायांचे हक्क, असा विषय मला दिला आहे. कायद्याचं बोलेनच. पण आधी माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, कारण सगळा विषय त्या चुकीतच आहे.

गोष्ट २०२० ची. मार्चच्या अखेरीस देश बंद झाला. १५ एप्रिलला केंद्र सरकारने आदेश काढला की २० एप्रिलपासून काही कामं अटींवर सुरू करता येतील. पुढे ३० एप्रिलच्या यादीत महाराष्ट्रातले फक्त सहा जिल्हे हिरवे ठरले, त्यात आपला गोंदिया होता. आपल्याकडे राईस मिल म्हणजे जिल्ह्याचा श्वास. रेशनवर फुकट तांदूळ द्यायचा तर धानाची भरडाई थांबून चालणार नव्हती. मालकांना माणसं परत हवी होती.

एका मिलच्या मालकांनी आमच्या संस्थेला बोलावलं. सरकारी आदेश इंग्रजीत होता. मी एम.एस.डब्ल्यू. झालेली, तेव्हा तो मराठीत करून देण्याचं काम माझ्याकडे आलं. मी ते मन लावून केलं. फाटकावर ताप मोजायचा, मास्क लावायचा, हात धुवायचे, सहा फुटांचं अंतर ठेवायचं, दोन पाळ्यांमध्ये एक तासाचं अंतर ठेवायचं, दहा माणसं एकत्र जमवायची नाहीत. मोठ्या अक्षरांत लिहून आम्ही तो कागद भिंतीवर लावला. मालक खूश झाले. मीही खूश झाले.

आठ दिवसांनी त्याच मिलमध्ये अकरा वर्षं काम केलेली एक बाई माझ्या दारात आली. धान पसरवणं, झाडलोट, पोती शिवणं हे तिचं काम. म्हणाली, "ताई, तुमचा कागद वाचून दाखवला आम्हाले. सारं बराबर आहे जी. पन पोट्टीले कोनाजवळ ठेवू, ते नाही लिवलं त्यात."

तिची मुलगी तीन वर्षांची. अंगणवाडी बंद. सासू दम्याची. नवरा हैदराबादकडे बांधकामावर अडकलेला. शेजारीण पूर्वी मुलीला सांभाळायची, पण आता कोणी कोणाच्या घरात पाऊल टाकत नव्हतं. शिवाय ती यायची पॅसेंजर गाडीने, आणि २२ मार्चपासून प्रवासी गाड्या बंद होत्या. मिलने एक टेम्पो ठरवला होता, पण तो हमालांच्या गावावरून यायचा. ती चार दिवस गेली नाही. पाचव्या दिवशी मुकादमाने तिच्या जागी दुसरी बाई लावली.

मी घरी येऊन मूळ आदेश पुन्हा काढला. त्यात एक ओळ होती: पाच वर्षांखालच्या मुलांच्या आईवडिलांना घरून काम करायला उत्तेजन द्यावं. ती ओळ मी वगळली होती! मिलमध्ये घरून काम कसं होणार, ही ओळ आपल्या कामाची नाही, असं मला वाटलं. धान काही घरी नेऊन पसरवता येत नाही, हे खरं. पण लहान मूल असलेल्या कामगाराचा वेगळा विचार करायला हवा, हे त्या ओळीत होतं. ते मी खोडून टाकलं. मालकांनी मला तसं सांगितलं नव्हतं. माझ्याच डोक्यात कामगार म्हणजे पुरुष होता.

मग आम्ही मालकांकडे गेलो. पाळणाघराचा विषय काढला. दिवाणजी म्हणाले, कायद्यात बसत नाही. ते कसं, ते समजून घ्या. तेव्हा लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्यात तीसपेक्षा जास्त बाया असतील तर पाळणाघर होतं. २०१७ साली प्रसूती लाभ कायदा दुरुस्त झाला, त्यात पन्नास किंवा जास्त कामगार असतील तर पाळणाघर आलं. या मिलमध्ये हंगामात हमाल, बाया, ड्रायव्हर मिळून साठ माणसं काम करत. हजेरीपटावर नावं अठरा. बाई एकही नाही. बाया ठेकेदाराच्या, आणि ठेकेदाराची वही त्याच्या खिशात.

इथे सगळी गाठ आहे. जिचं नाव हजेरीपटावर नाही, ती पन्नासात मोजली जात नाही. म्हणून पाळणाघर नाही. ती टेम्पोच्या यादीत नाही, म्हणून गाडी नाही. मजुरीचंही तेच. २९ मार्च २०२० ला सरकारने बंदच्या काळातली मजुरी पूर्ण द्या असा आदेश काढला. मे महिन्यात तो उठला. १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालक आणि कामगारांनी बोलणी करून तोडगा काढावा असं सांगितलं. पण अकरा वर्षं राबल्याचा कागदच नसेल तर बाईने बोलणी कशाच्या जोरावर करायची?

आता टेम्पोबद्दल. मालकाने गाडी दिली की आपण उपकार मानतो. त्या टेम्पोत एका मुलीला त्रास झाला. अंतर ठेवायच्या नावाखाली तिला पुढे ड्रायव्हरशेजारी बसवत. तक्रार केली तर उत्तर मिळालं की हे मिलच्या बाहेर झालं. बायांनो, हे खोटं आहे. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात मालकाने दिलेलं वाहनसुद्धा कामाची जागाच धरलं आहे. जिथे दहा माणसं कामाला आहेत तिथे अंतर्गत समिती हवी. दहापेक्षा कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. ठेकेदाराच्या बाईलाही हा कायदा लागू आहे.

त्याच उन्हाळ्यात मी देवरी तालुक्यातल्या एका गावात वेगळं चित्र पाहिलं. १६ एप्रिलला केंद्राने वनोपज गोळा करायला मुभा दिली आणि तेंदूपानाचा हंगाम सुरू झाला. त्या गावात काम ग्रामसभेच्या हातात होतं. पुडे मोजून घ्यायला गर्दी होईल, म्हणून कसं करायचं, हे गावात बसूनच ठरलं. बाया म्हणाल्या, संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळी रांग नको, टोल्याटोल्याने बोलवा. तसंच झालं. त्या बाया काही फार शिकलेल्या नव्हत्या. त्यांना विचारलं गेलं, एवढाच फरक.

मिलमध्ये आम्ही पुन्हा बसलो, या वेळी बायांना घेऊन. दोन महिने लागले. गोदामाशेजारची एक खोली मुलांसाठी मिळाली. वय झालेल्या एका कामगार बाईला तिथे पूर्ण रोजीवर बसवलं. टेम्पोचा रस्ता बदलला. बायांच्या संडासाला कडी आणि पाणी आलं. हात धुवा म्हणून भिंतीवर लिहिलं होतं, पण बायांच्या बाजूला नळच नव्हता, हेही तेव्हाच उघड झालं. हजेरीपटावर मात्र सगळ्या बायांची नावं शेवटपर्यंत आली नाहीत. आणि माझ्या दारात आलेल्या बाईला ते काम परत मिळालं नाही. ती आता रोजगार हमीवर जाते. तिचा कागद माझ्यामुळे अपुरा राहिला, हे मी विसरलेले नाही.

तुम्ही म्हणाल, साथ गेली, आता हे कशाला? साथ गेली, पण काम बंद पडणं आणि पुन्हा सुरू होणं संपलेलं नाही. पुरात मिल बंद पडते, उन्हाच्या लाटेत कामाच्या वेळा बदलतात. दर वेळी मालक योजना करतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. त्यांतही पाळणाघराला पन्नासचा आकडा आहे. म्हणजे मोजणीत आपण आहोत की नाही, हा प्रश्न तसाच उभा आहे.

तेव्हा पुढच्या वेळी कामावर बोलावणं आलं की पाच गोष्टी विचारा. बोलावलेल्यांच्या यादीत बायांची नावं आहेत का? मूल कुठे ठेवायचं? येण्याजाण्याची सोय कुठून आणि कोणासोबत? संडास, पाणी, पाळीच्या दिवसांची सोय काय? आजारी पडले, घरात कोणी आजारी पडलं, तर रोजी आणि जागा राहील का? आणि हे विचारायला एकटीने जाऊ नका, पाचजणी मिळून जा.

दुसरं काम आजपासूनच. प्रत्येक गटाने एक वही घाला. कोण कुठे कामाला गेली, तारीख, मुकादमाचं नाव, मिळालेली रोजी, सगळं लिहा. जिला लिहिता येत नाही तिची मुलगी लिहील. मालकाच्या हजेरीपटावर नाव येईपर्यंत आपली हजेरी आपण ठेवू. महिन्याच्या बैठकीला येताना ती वही सोबत आणा. पहिल्या पानापासून आपण एकत्र बसून वाचू.