ऐच्छिक विषय : इच्छा कोणाची?

शाळेच्या वेळापत्रकांतील ‘आवश्यक’ व ‘ऐच्छिक’ हे दोन शब्द दिसावयास अगदीं निरुपद्रवी आहेत. जें प्रत्येकास शिकावेंच लागतें तें आवश्यक, आणि जें ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोपविलें आहे तें ऐच्छिक, एवढाच त्यांचा अर्थ असें कोणासहि वाटेल. परंतु ही मर्जी नेमकी कोणाची, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं. जपानांतील कनिष्ठ माध्यमिक शाळेची जी हकीकत मी आज सांगणार आहें, तिच्यांत या प्रश्नाचें उत्तर सांपडण्यासारखें आहे.

दुसऱ्या महायुद्धापूर्वीं जपानांत सहा वर्षांची प्राथमिक शाळा संपली कीं मुलांच्या वाटा फुटत. कांहीं मुलगे माध्यमिक शाळेंत जात, कांहीं मुली निराळ्या कन्याशाळेंत जात, आणि बाकीचीं पुष्कळ मुलें वरिष्ठ प्राथमिक वर्गांत एकदोन वर्षें काढून कामाला लागत. १९४५ सालीं युद्ध संपलें. १९४६ च्या मार्चमध्यें जॉर्ज स्टॉडर्ड यांच्या नेतृत्वाखालीं अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांचें एक मंडळ जपानांत आलें. त्याच्या शिफारशींचा आधार घेऊन १९४७ सालीं नवा कायदा झाला, आणि त्याच वर्षीं एप्रिलमध्यें बारा ते पंधरा वर्षांच्या सर्व मुलामुलींसाठीं तीन वर्षांच्या सक्तीच्या शाळा उघडल्या. उघडल्या खऱ्या, पण कित्येक ठिकाणीं उघडावयास दारच नव्हतें! शहरें जळून गेलीं होतीं. उघड्यावर भरणाऱ्या वर्गांस ‘निळ्या आकाशाचे वर्ग’ असें नांव पडलें होतें.

अशा हलाखींत आंखलेला अभ्यासक्रम मात्र मोठ्या उदार बुद्धीचा होता. जपानी भाषा, समाजशास्त्र, गणित, विज्ञान, संगीत, चित्रकला, व्यायाम हे विषय आवश्यक. त्यांच्या जोडीला शेती, व्यापार, उद्योग, मत्स्यव्यवसाय किंवा गृहकृत्यें यांपैकीं स्थानिक गरजेप्रमाणें व्यवसायशिक्षण. ऐच्छिक भागांत परकीय भाषा, सुलेखन, अधिक व्यवसायशिक्षण आणि ‘स्वतंत्र अभ्यास’. परकीय भाषा म्हणजे बहुतेक ठिकाणीं इंग्रजीच. तिला आठवड्यास एकापासून चारपर्यंत तास देण्याची मुभा होती. शेतकऱ्याच्या किंवा कोळ्याच्या मुलावर इंग्रजीची सक्ती असूं नये, पण ज्यास हवी त्यास ती मिळावी, अशी ही योजना होती.

पण शाळेच्या पुढें आणखी एक दार होतें. वरिष्ठ शाळेंत जावयाचें तर प्रवेशपरीक्षा द्यावी लागे, आणि १९५० नंतरच्या दशकांत निरनिराळ्या प्रांतांनीं त्या परीक्षेंत इंग्रजीची प्रश्नपत्रिका घातली. कायद्यांत इंग्रजी ऐच्छिकच राहिली. परंतु ती न घेणें म्हणजे पुढल्या शिक्षणाचा मार्ग आपल्याच हातानें बंद करणें होय, असा अर्थ झाला. १९५० सालीं शंभर मुलांपैकीं सुमारें ४२ मुलें वरिष्ठ शाळेंत जात. उरलेल्यांपैकीं अनेकांस पंधराव्या वर्षींच नोकरी धरावी लागे. पुढील कांहीं वर्षांत ईशान्येकडील खेड्यांतून अशा मुलांस घेऊन खास आगगाड्या तोक्योस जात. कारखानदार त्यांस कौतुकानें ‘सोन्याचीं अंडीं’ म्हणत. शेवटच्या वर्षांत वरिष्ठ शाळेकडे जाणारीं मुलें इंग्रजी व अधिक गणित घेत, आणि नोकरीवर जाणाऱ्यांस शेती किंवा व्यापार हे विषय असत. मुलानें विषय निवडला असें म्हणावयाचें. वस्तुतः पुष्कळदां बापाच्या मिळकतीनेंच तो निवडलेला असे.

१९७४ पर्यंत वरिष्ठ शाळेंत जाणाऱ्यांचें प्रमाण शेंकडा ९० च्या वर गेलें. तरीहि इंग्रजी नांवाला ऐच्छिकच होती. ती कायद्यानें आवश्यक ठरली १९९८ च्या सुधारणेनें, व तिचा अंमल झाला २००२ पासून. म्हणजे पंचावन्न वर्षें तो शब्द वेळापत्रकांत नुसता बसून होता.

दुसरी हकीकत याच्या उलट आहे. १९५८ सालीं ठरलेल्या व १९६२ पासून अंमलांत आलेल्या अभ्यासक्रमांत ‘तंत्र व गृहकृत्य’ हा नवा आवश्यक विषय आला. नांव एक, पण वर्ग दोन. मुलगे आराखडे काढीत, लांकडावर रंधा मारीत, यंत्रांची व विजेची माहिती घेत. मुली स्वयंपाक, शिवणकाम व बालसंगोपन शिकत. येथें निवडीचें नांवहि नव्हतें. ती जन्मतःच झालेली होती. १९७४ सालीं या भेदाविरुद्ध एक मंडळ उभें राहिलें. स्त्रियांच्या मताधिकारासाठीं आयुष्य वेंचलेल्या इचिकावा फुसाए त्यांत अग्रभागीं होत्या. १९७७ च्या सुधारणेनें दार किलकिलें झालें. स्त्रियांविषयींचा भेदभाव नाहींसा करण्याचा आंतरराष्ट्रीय करार जपाननें १९८५ सालीं मान्य केल्यावर मुलामुलींचे निराळे अभ्यासक्रम चालू ठेवणें कठीण झालें. अखेर १९८९ सालीं नियम बदलले, आणि १९९३ पासून मुलगे व मुली एकाच वर्गांत हा विषय शिकूं लागलीं. मुलग्यांच्या हातीं सुई आली आणि मुलींच्या हातीं करवत.

आतां या दोन हकीकती शेजारी ठेवून पाहा. इंग्रजी ऐच्छिक होती, पण ती न घेणारा मूल मागें राहिला. तंत्र व गृहकृत्य सर्वांस सारखें आवश्यक झालें, तेव्हांच मुलामुलींस एकमेकांचीं कामें शिकण्याची मोकळीक मिळाली. सक्ती नेहमींच जाचक नसते, आणि मुभा नेहमींच मोकळी नसते. २००८ सालच्या सुधारणेनें, तिचा पूर्ण अंमल २०१२ मध्यें सुरू झाल्यावर, जपानी कनिष्ठ शाळेच्या ठराविक वेळापत्रकांतून ऐच्छिक विषयांचे तास जवळजवळ नाहींसेच झाले. जे तास मुलांच्या आवडीसाठीं म्हणून १९४७ सालीं राखून ठेवले होते, ते शेवटीं इतर विषयांच्या वांट्यास गेले, याची मला खंत वाटते. निदान सुलेखनाच्या किंवा स्वतंत्र अभ्यासाच्या एका तासावर कोणत्याहि परीक्षेची छाया नव्हती.

म्हणून श्रोतेहो, कोणत्याहि शाळेचें वेळापत्रक हातीं आलें, तर ‘ऐच्छिक’ या शब्दापाशीं क्षणभर थांबावें आणि विचारावें : हा विषय मुलानें घेतला नाहीं, तर पुढें कोणतें दार त्याला बंद होईल? एकहि दार बंद होत नसेल, तरच तो विषय खरोखर त्याच्या इच्छेवर सोडला आहे असें समजावें.