छातीतली धडधड : भीती नको, हयगयही नको
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील व्याख्यान)



शिक्षणसंस्थेच्या मेळाव्यात डॉक्टराने हृदयावर काय बोलावे, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर असे की, ज्या एका हृदयरोगाविषयी मी आज विशेष सांगणार आहे, त्याची सुरुवात बहुधा ५ ते १५ या वयात होते. म्हणजे ऐन शाळेच्या वयात. तो वेळीच ओळखणे हे डॉक्टरांइतकेच आईवडिलांच्या आणि शिक्षकांच्या हाती आहे.

प्रथम एक छोटा प्रयोग करू. उजव्या हाताची दोन बोटे डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला ठेवा. नाडी लागली? घड्याळाकडे पाहून अर्धा मिनिट ठोके मोजा आणि त्यांची दुप्पट करा. स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला साधारण ६० ते १०० असते. लहान मुलांची याहून जलद असते. आता आकडा सोडा आणि फक्त ताल पाहा. ठोके सारख्या अंतराने पडतात की वेडेवाकडे? ज्याला एवढे सांगता आले, त्याने डॉक्टरांचे निम्मे काम हलके केले. हकीम नाडीवर बोट ठेवून रोग ओळखत, ते काही उगाच नव्हे. इब्न सिना यांनी हृदयाच्या औषधांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि इब्न अल्-नफीस यांनी तेराव्या शतकात हृदयाच्या उजव्या बाजूचे रक्त फुफ्फुसातून डावीकडे जाते हे लिहून ठेवले.

एरवी आपल्याला आपले हृदय जाणवत नाही. ते जाणवू लागले, की आपण म्हणतो धडधड होते. पुष्कळदा ती निरुपद्रवी असते. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून पाच-सहा कप चहा घेतला, तर धडधड होणारच. त्यात हल्ली डब्यातली ताकद देणारी पेये निघाली आहेत. विद्यार्थ्यांनी त्यांच्या नादी लागू नये. तापात, घाबरल्यावर, रक्त कमी असल्यावरही धडधड होते. हात थरथरतात, भूक असून वजन उतरते, उकाडा सोसत नाही, असे असेल तर थायरॉईडची तपासणी करून घ्यावी. सर्दीच्या आणि दम्याच्या काही औषधांनीही ठोके वाढतात.

आणि माताभगिनींनो, रागावू नका, पण मिश्रीचे नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. दात घासायची म्हणून हातावर घेतलेली मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच आहे. तिच्यातले निकोटीन हिरडीतून रक्तात जाते आणि हृदयाला चाबूक मारते. सकाळी एकदा, दुपारी एकदा, निजताना एकदा, आणि मग तक्रार की छाती धडधडते. पुरुषांच्या विडीला आणि मळलेल्या तंबाखूलाही हेच लागू आहे.

अशा माणसाला मी गोळी देण्याआधी पंधरा दिवसांचा पथ्यक्रम देतो. तंबाखू बंद, चहा दोन कपांवर, रात्री सात तास झोप, रोज अर्धा तास चालणे. सोबत इ.सी.जी. आणि रक्ताची तपासणी. यातील पुष्कळांना हृदयाची गोळी लागतच नाही. परंतु इ.सी.जी. काढल्याशिवाय, नुसत्या अंदाजाने, “काही नाही, मनाचे आहे” असे कोणी कोणाला सांगू नये. विशेषतः घरातल्या सुनेला तर नाहीच.

आता दुसऱ्या प्रकारची धडधड. वेल्ह्याकडच्या डोंगरातल्या एका गावातील मुलीची हकीकत सांगतो. (वेल्हे तालुक्याला आता राजगड हे नाव मिळाले असले, तरी आपल्या तोंडी अजून वेल्हेच आहे.) मुलगी आठवीत होती. घसा दुखला, ताप आला, दोन दिवसांत उतरला. तीन आठवड्यांनी गुडघा सुजला. तो बरा होतो न होतो तोच घोटा धरला, मग मनगट. घरच्यांनी वाढीचे दुखणे म्हणून लेप लावला. माझ्याकडे आली तेव्हा हृदयाला सूज होती. हा ऱ्हुमॅटिक ताप. घशात स्ट्रेप्टोकॉकस नावाचे जंतू शिरतात; त्यांच्याशी लढता लढता शरीराची फौज चुकून आपल्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर चाल करते. सांधे पुन्हा पूर्ववत होतात, झडपा मात्र पुष्कळदा होत नाहीत.

यावर उपाय साधा आहे. दर २१ दिवसांनी पेनिसिलीनचे दीर्घकाळ टिकणारे इंजेक्शन. ते झालेली इजा भरून काढत नाही, पण पुन्हा घसा बिघडून दुसरा हल्ला होऊ देत नाही; आणि प्रत्येक हल्ला झडपेला अधिक निकामी करतो. आपल्याच जिल्ह्यात, पिंपरीला, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, तो पेनिसिलीन बनवण्यासाठीच. म्हणजे औषधाचे नाव आपल्या भागाला परके नाही.

त्या मुलीने दोन वर्षे इंजेक्शने नियमित घेतली. मग ती धडधाकट दिसू लागली. भाताची लावणी आली, पावसात एस.टी. वेळेवर येईना, इंजेक्शनसाठी एक रोज बुडायचा. सुई बंद झाली. बावीस-तेवीसाव्या वर्षी ती पुन्हा आली, ती पाण्याचा हंडा घेऊन चढ चढताना छाती धडधडते म्हणून. मी नाडी धरली. दोन ठोक्यांतले अंतर सारखे नव्हते. इकोत दिसले की डावीकडची झडप अरुंद झाली आहे आणि हृदयाचा वरचा कप्पा ताणून मोठा झाला आहे. तो कप्पा आता नीट आकुंचन न पावता नुसता थरथरत होता. अशा कप्प्यात रक्त साचते, त्याची गाठ होते, आणि ती मेंदूकडे गेली तर चांगल्या तरुण माणसाला अर्धांगवायू होतो.

मंडळी, यात तिच्या वडिलांचा दोष थोडा आणि माझा अधिक. मी कार्डावर पुढची तारीख लिहीत गेलो. मुलगी बरी दिसत असताना सुई कशासाठी, हे मात्र कधी समजावून सांगितले नाही. ते राहून गेलेले बोलणे मी आज आपल्यापुढे बोलत आहे.

तिला आता रोज गोळ्या घ्याव्या लागतात. त्यांची माहिती करून घ्या, कारण अशा गोळ्या आपल्यापैकी काही घरांत असतील. एक असते ठोक्यांचा वेग आवरणारी. प्रोप्रॅनोलॉल हे या वर्गातील जुने औषध. ते शोधणारे जेम्स ब्लॅक यांना १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ही गोळी एकाएकी बंद केली तर हृदय उलट जोराने उसळते. दम्याच्या माणसाने शेजारणीची म्हणून ही गोळी घेतली तर जिवावर बेतू शकते. दुसरी डिगॉक्सिन. तिचा योग्य डोस आणि विषारी डोस यांत अंतर थोडे असते. मळमळ सुरू झाली किंवा पिवळे दिसू लागले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. तिसरी वॉरफरिन, रक्ताची गाठ होऊ न देणारी. ती घेणाऱ्याने आय.एन.आर. ही रक्ततपासणी सांगितल्या दिवशी करावी, पालेभाजी रोज साधारण सारख्या प्रमाणात खावी आणि अंगदुखीच्या गोळ्या परस्पर आणून घेऊ नयेत. बाई गरोदर असेल किंवा राहू इच्छित असेल, तर आधी डॉक्टरांना सांगावे.

रमजानचा प्रश्न दरवर्षी येतो. महिना सुरू होण्यापूर्वी डॉक्टरांना भेटा. काही गोळ्या सेहरी आणि इफ्तारच्या वेळी बसवता येतात, काही नाही. आपल्या मनाने दुपारची गोळी गाळू नका. आजाऱ्याला सवलत आहे, हे मी आपल्याला सांगण्याची गरज नाही.

आता पालकांनी ध्यानात ठेवायच्या गोष्टी. मुलाचा घसा तापासह दुखला तर दवाखान्यात न्या, आणि सांगितलेले औषध पूर्ण दिवस द्या. एक सांधा बरा होऊन दुसरा सुजला तर लेप लावून थांबू नका. शाळांतील मुलांना तपासणारी पथके राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली २०१३ पासून येऊ लागली. त्यांच्या यादीत हा हृदयरोग आहे. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. इंजेक्शन किती वर्षे, हे झडपेची स्थिती पाहून ठरते. किमान पाच वर्षे, कित्येकांना चाळिशीपर्यंत. झडपेवर शस्त्रक्रिया लागलीच, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी जरूर करा.

धडधडीबरोबर चक्कर येऊन शुद्ध हरपली, छातीत दुखले, दम लागला, किंवा तोंड वाकडे होऊन हातपाय लुळा पडला, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ क्रमांकाला फोन करा. भोरच्या किंवा वेल्ह्याच्या आतल्या गावातून पुण्यापर्यंतचा रस्ता लांबचा आहे. निघण्यात घालवलेला तास परत मिळत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यावर एक काम सोपवतो. आज घरी गेल्यावर अम्मी, अब्बा, दादी, सर्वांची नाडी मोजा आणि वहीत लिहा. कोणाची वेडीवाकडी लागली तर इ.सी.जी.चा आग्रह धरा. घरात कोणी हृदयाची गोळी किंवा २१ दिवसांची सुई घेत असेल, तर ती तारीख कॅलेंडरवर लाल शाईने तुम्ही मांडा. “आता बरे वाटते, कशाला घ्यायची?” असे कोणी म्हणाले, तर सांगा की औषध चालू आहे म्हणूनच बरे वाटते. एवढे केलेत तर माझे येणे सार्थकी लागले. खुदा हाफिज.