घरातील गांधीलमाशी



काल याच व्यासपीठावरून आपण ब्रह्म आणि माया यांचे विवेचन ऐकले. आज आम्ही आपल्याला घराच्या वळचणीखाली नेणार आहोत. विषयाची ही घसरगुंडी पाहून कोणी हसेल. परंतु ब्रह्माची गाठ क्वचित कोणाला पडते. गांधीलमाशीची गाठ येथे बसलेल्या बहुतेकांना पडलेली असेल.

आरंभीच आमचा एक अपराध कबूल करतो. काही वर्षांपूर्वी आमच्या माडीच्या सज्ज्याखाली गांधीलमाश्यांनी पोळे केले होते. त्यांचा आम्हांस काडीचा उपद्रव नव्हता. पण भीती वाटली, एवढे निमित्त पुरले. काठीला चिंध्या गुंडाळून, त्या रॉकेलात भिजवून, भर दुपारी आम्ही पोळ्याला पेटता बोळा लावला. आमच्या डोक्यावर घोंगडी होती. खाली अंगणात आमची आत्या तांदूळ निवडत बसली होती, तिच्या डोक्यावर काही नव्हते. तिला तीन डंख झाले. दहा मिनिटांत अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास लागला. वेळेवर डॉक्टर मिळाले, त्यांनी ॲड्रेनलिनची सुई दिली, म्हणून आत्या वाचली. पुढे ती एवढेच म्हणाली, "अरे, त्या माश्या कुठं काय करत होत्या?" या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आम्ही या विषयाकडे वळलो.

त्या माश्या काय करीत होत्या? पहिली गोष्ट, कागद तयार करीत होत्या. मधमाशीचे पोळे मेणाचे, हिचे कागदाचे. जुन्या चौकटीचे, कुंपणाच्या खांबाचे लाकूड ही खरवडते, तो भुसा लाळेत कालवून चावते आणि त्या लगद्याचे सहा कोनांचे घर घडविते. यूरोपात कागद चिंध्यांपासून होत असे, त्या काळी, १७१९ मध्ये, रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने या माश्यांकडे बोट दाखवून लाकडापासूनही कागद करता येईल असे सुचविले होते.

दुसरी गोष्ट, त्या शिकार करीत होत्या. माशी स्वतः फुलातील मधुरसावर राहते. पण तिच्या अळ्यांना मांस लागते. म्हणून ती झाडांवरच्या अळ्या व किडे पकडते, चावून त्यांचा गोळा करते आणि पिलांना भरविते. परसातल्या वांग्याभेंडीची राखण ती अशी फुकटात करते.

आपल्याकडे खिडकीच्या गजांत, कपारीत नेहमी दिसते ती तांबूस, बारीक कमरेची, पोटावर पिवळा पट्टा असलेली माशी. शास्त्रीय नाव रोपालिडिया मार्जिनाटा. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत डॉ. राघवेंद्र गडगकर यांनी अनेक वर्षे तिचा अभ्यास केला. त्यावरील त्यांचा ग्रंथ २००१ मध्ये निघाला. या माश्यांची राणी दिसायला इतरांसारखीच आणि स्वभावाने अगदी शांत. मात्र तिला उचलून बाजूला ठेवले, की थोड्याच मिनिटांत कामकऱ्यांपैकी एक उग्र होऊन सर्वांवर धावून जाऊ लागते. काही दिवसांनी तीच अंडी घालते, आणि मग तीही शांत होते. तेव्हा 'मोठी' वाटणारी एखादी माशी चपलेने मारून बिऱ्हाड उठेल, ही आशा व्यर्थ आहे. गादीला वारस तयार असतो.

आता गृहस्थाश्रमाचा प्रश्न: पोळे दिसले तर काय करावे? आमचे सांगणे असे, की निर्णय माशीवरून करू नये, जागेवरून करावा. उंच छपराच्या टोकाला, जेथे कोणाचा हात, झाडू किंवा मुलांचा चेंडू पोचत नाही, तेथले पोळे राहू द्यावे. दाराच्या चौकटीवर, कपडे वाळत घालण्याच्या दोरीपाशी, पाळण्याजवळ असेल तर काढावे. आणि घरात कोणाला पूर्वी डंखाने श्वास लागला असेल, तर तेथे दयामाया नको.

काढायचे तर लवकर. आठवड्यातून एकदा वळचणीवर नजर फिरवावी. चारदोन घरांचे, एकदोन माश्यांचे पोळे संध्याकाळी लांब काठीने देठापासून पाडता येते. त्या वेळी अंगभर कपडे असावेत, मुले घरात असावीत, शिडीवर चढू नये. साबणाचे पाणी फवारल्यास माशी गुदमरते. माश्यांनी गजबजलेले पोळे, किंवा भिंतीच्या पोकळीतील मोठ्या जातीच्या माश्यांचे, जाणत्या माणसावर सोपवावे. आग मात्र कधीही लावू नये. पोळे गेल्यावर फटी बुजवाव्यात.

पोळ्यावरच्या माश्या पंख उभारून आपल्याकडे तोंड करतात, ती सूचना समजावी आणि हात न झटकता मागे सरावे. मधमाशीसारखा हिचा काटा अंगात राहत नाही; म्हणून एकच माशी पुन्हापुन्हा डसू शकते. डंखाची जागा साबणाने धुवावी, गार पाण्याची घडी ठेवावी, बोटातली अंगठी लगेच काढावी. परंतु अंगभर गांधी, ओठजीभ सुजणे, धाप किंवा घेरी यांपैकी काहीही दिसले, तर चुना आणि कांदा शोधण्यात एक क्षण घालवू नका. थेट दवाखाना गाठा.

आमची आत्या आता हयात नाही. ती तिच्या वयाने गेली. त्याच सज्ज्याच्या दूरच्या कोपऱ्यात सध्या एक पोळे आहे. दोरी आम्ही हलविली; पोळे तेथेच आहे. घरी गेल्यावर आपणही एकदा वर पाहावे, आणि हातात काठी घेण्यापूर्वी खाली कोण बसले आहे तेही पाहावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.