अंतरीची कचेरी

कारकुनी करता करता ज्याचे केस पिकले, त्याला परमार्थदेखील कचेरीच्याच भाषेत लवकर उमगतो. हा दोष म्हणा वा सोय म्हणा, मला मान्य आहे.

ऐन उमेदीत सोलापूरच्या एका कचेरीत असताना मी एका अर्जदाराची तारीख चुकीची नोंदवली, आणि मंगळवेढ्याकडचा तो वृद्ध शेतकरी वैशाखाच्या उन्हात व्यर्थ खेप करून परत गेला. वरिष्ठांनी ठपका ठेवला नाही, तो मीच ठेवला. रात्रीचे जेवण सोडले, उघड्या जमिनीवर निजू लागलो, आणि या क्लेशांना प्रायश्चित्त असे भारदस्त नाव देऊन मनोमन थोडा सुखावलोही. सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी एक कीर्तनकार बुवा नित्य भेटत, त्यांच्यापाशी हे बोललो, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "तुमच्या उपासाने त्या म्हाताऱ्याचे गाडीभाडे भरून आले काय हो?"

गीतेच्या तेराव्या अध्यायात, सर्वत्र समत्वाने वसणाऱ्या ईश्वराला जो पाहतो तो आपणच आपला घात करीत नाही, अशा आशयाचा श्लोक आहे. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरांनी तो मराठीत आणून ठेवला, आणि मी तो लहानपणापासून म्हणत आलो. परंतु त्या 'सर्वत्र'मध्ये मी स्वतःला कधी धरलेच नव्हते. सतरावा अध्याय तर, अशास्त्रीय घोर तपाने देह कष्टविणारे लोक देहात वसणाऱ्या भगवंतालाच कष्टवितात, असे बजावतो. माझ्या अंतरीच्या कचेरीत फिर्यादी मी, मुन्सफ मी, फटके मारणाराही मीच. आरोपीची कैफियत मात्र कोणी लिहून घेतली नव्हती, आणि ज्याचे नुकसान झाले त्याचे नावही दप्तरी नव्हते.

त्याच मंगळवेढ्याचे दामाजीपंत आपणांस ठाऊकच आहेत. बिदरच्या बादशहाचे हे अंमलदार. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारे रयतेला मोकळी केली, आणि पुढे विठ्ठलाने विठू पाडेवाराच्या रूपाने बिदरला जाऊन धान्याची रक्कम भरली. तिची पावती पंतांच्या गीतेच्या पोथीत निघाली, असे कथेकरी सांगतात. चमत्काराच्या भरात आपले एका गोष्टीकडे दुर्लक्ष होते: साक्षात भगवंताने, ज्याला सारे माफ करणे अशक्य नव्हते त्याने, हिशेब फाडून टाकला नाही, रक्कम मोजून दिली, पावती मागून घेतली आणि प्रकरण दाखल-दप्तर केले. पंतांच्या पाठीवर एक फटकाही त्या हिशेबात धरलेला नव्हता.

पुढच्या रविवारी मी मंगळवेढ्याच्या वाटेला लागलो. म्हाताऱ्याला चूक सांगितली, गाडीभाडे पुढे ठेवले, आणि जुनी खोड गेली नसल्यामुळे वर दंड म्हणून दोन रुपये अधिक ठेवले. त्याने भाडे मोजून कनवटीला लावले, दोन रुपये माझ्याकडे सरकवले, आणि आत वळून सुनेला भाकरी वाढायला सांगितली.