निरोप आणि त्याची पारख



आमच्या देवणीचा जाणता शेतकरी बैल घेताना दात पाहतो, तो वय कळावे म्हणून. आणि चालवून पाहतो, तो पायातला दोष दिसावा म्हणून. दात पाहून कोणी चालीचा निवाडा करीत नाही. आधी प्रश्न, मग परीक्षा. प्रयोगशाळेतही रीत हीच.

मी भाषा शिकवणारा माणूस, तेव्हा उदाहरण भाषेतलेच देतो. ‘धन्याने गाय विकली नाही’ असा निरोप निघाला आणि वाटेत शेवटचा शब्द गळाला, तर काय होईल? आपल्या पेशीतही असेच निरोप चालतात. जनुकावरून आधी आर.एन.ए.चा लांबलचक मजकूर उतरतो. त्यातले मधले तुकडे काढून कामाचे तेवढे जोडतात. याला ‘स्प्लायसिंग’ म्हणतात. १९७७ साली हे उघडकीस आले. त्याबद्दल रॉबर्ट्स आणि शार्प यांना १९९३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तुकडे निराळ्या तऱ्हेने जोडून एकाच जनुकातून अनेक उपयोगी निरोपही निघतात. पण कधी जोडणीच बिघडते.

थॅलेसेमियाचेच पाहा. बीटा ग्लोबिन जनुकाच्या पहिल्या इंट्रॉनमध्ये पाचवे अक्षर ‘जी’ असते. तिथे ‘सी’ आले की जोडणी चुकते अन् हिमोग्लोबिन पुरेसे बनत नाही. भारतातल्या थॅलेसेमियात हाच दोष सर्वांत जास्त आढळतो. आई-बाप दोघांकडून दोष आला, तर मुलाला वरचेवर रक्त द्यावे लागते.

मग हा चुकलेला निरोप ओळखायचा कसा? तुकडा गळला का, एवढेच पाहायचे असेल, तर आर.टी.-पी.सी.आर. करून जेलवर लांबी पाहावी. आखूड निरोप पुढे धावतो. कोणता निरोप किती, हे हवे असेल, तर नेमक्या सांध्यावर बसणारे प्रायमर घेऊन रिअल-टाइम पी.सी.आर. करावी. कोणते तुकडे कसे जुळले हेच ठाऊक नसेल, तर सबंध निरोप वाचणारे सिक्वेन्सिंग करावे. ते महाग पडते.

पण मंडळी, आर.एन.ए. फार नाशवंत. उन्हाळ्यात रक्ताची नळी गावाहून शहरात पोचेपर्यंत तो विरून जातो, आणि नासलेल्या नमुन्यावर भारी यंत्रही खोटे बोलते. डी.एन.ए. त्या मानाने टिकाऊ. म्हणून लग्न ठरवणाऱ्या घराला आर.एन.ए.ची तपासणी नकोच. आधी साधी रक्ततपासणी, मग एच.पी.एल.सी.वर हिमोग्लोबिन ए-टू मोजावे. दोघेही वाहक निघाले, तरच डी.एन.ए. तपासावा. मुंबईत परळला के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. तिथे या रोगावर पुष्कळ काम झाले आहे. आर.एन.ए. पाहायचा तो अनोळखी दोष सापडला अन् त्याने जोडणी बिघडते का, हे ठरवायचे असेल तेव्हा.

आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आहे. एकाच घराण्यातला दोष दोन्हीकडे असू शकतो; तसे असेल, तर दर खेपेला चारांत एक मूल आजारी होण्याचा संभव असतो. वाहक माणूस मात्र धडधाकट असतो, बरं का! त्याला किंवा तिला नाव ठेवू नका. गुरुजनहो, वर्गात एवढे अवश्य सांगा: तपासणीला लाजू नये, आणि काय जाणून घ्यायचे आहे, हे ठरवल्यावाचून तपासणी करू नये.